तळोजा ते वांद्रे : २७० दिवस आणि ६६ मिनिटं

सोमवार, ५ जुलै २०२१, दुपारी १ वाजून २४ मिनिटं. घटनाक्रमाचं शेवटचं टोक आधीच सांगून टाकतो, कारण ते वाचकांना ठाऊकच आहे. त्या मिनिटाला वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये फादर स्टॅन स्वामी गेले. वय ८४. कागदोपत्री ते त्या क्षणीही पनवेल तालुक्यातल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहाचे कच्चे कैदी होते.

कायद्याच्या अंगाने या मृत्यूवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला कुतूहल आहे ते वेगळंच. हा माणूस येशूसंघी धर्मगुरू होता. मरण हा शेवट नाही, मेलेले उठतील, हे त्याने आयुष्यभर वेदीवरून सांगितलं. मग त्याने न्यायालयाकडे अर्जामागून अर्ज का केले? साध्या सिपरसाठी का भांडला? आणि ज्याचा पुनरुत्थानावर विश्वास आहे त्याच्या मरणाला दुर्घटना म्हणायचं कशाला? उत्तरं त्या शेवटच्या मिनिटात नाहीत, त्याआधीच्या तासांत आहेत.

२७० दिवस आधी : गुरुवार, ८ ऑक्टोबर २०२०, संध्याकाळ

रांचीजवळ नामकुमला ‘बगईचा’ नावाचं येशूसंघीयांचं केंद्र आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेचे, म्हणजे एनआयएचे अधिकारी तिथे आले आणि फादर स्टॅनना घेऊन गेले. त्यांच्या खोलीची झडती आधी दोनदा झालेली होती, २८ ऑगस्ट २०१८ला आणि १२ जून २०१९ला. तेव्हा तपास पुणे पोलिसांकडे होता. जानेवारी २०२०मध्ये तो एनआयएने हाती घेतला. प्रकरण भीमा-कोरेगावच्या हिंसाचाराचं आणि आरोप बंदी घातलेल्या भाकप (माओवादी) पक्षाशी संबंध असल्याचा. फादर स्टॅन यांचं म्हणणं असं की, भीमा-कोरेगावला आपण कधी गेलेलोच नाही. प्रकरणातले ते सोळावे आरोपी, आणि वयाने सगळ्यांत मोठे.

मूळचे तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातले. जन्म २६ एप्रिल १९३७चा, येशूसंघात प्रवेश १९५७चा. बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचं संचालकपद सांभाळून ते पुढे झारखंडात गेले आणि आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नात रुतले ते रुतलेच. नक्षलवादी ठरवून तुरुंगात डांबलेल्या आदिवासी तरुणांचा एक अभ्यास त्यांनी २०१६मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला आणि त्यांचे खटले लवकर चालावेत म्हणून झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिकाही नेली. कच्च्या कैद्यांचे हाल त्यांनी आधी कागदावर मांडले होते, ते असे.

अटकेच्या दोन दिवस आधी त्यांनी एक चित्रफीत करून ठेवली होती. तीत ते आवाज न चढवता सांगतात, की आपण गप्प बसून तमाशा बघणाऱ्यांतले नाही आणि त्याची जी काही किंमत असेल ती मोजायची आपली तयारी आहे.

२६९ दिवस आधी : शुक्रवार, ९ ऑक्टोबर

मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना न्यायालयीन कोठडी दिली. त्याच दिवशी आरोपपत्र दाखल झालं. एनआयएने त्यांची एका दिवसाचीही पोलीस कोठडी मागितली नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, शेवटी ती पुन्हा येणार आहे.

रवानगी तळोज्याला. पनवेलकरांच्या लेखी तळोजा म्हणजे एमआयडीसी, रात्री-बेरात्री येणारा रसायनांचा दर्प आणि कासाडी नदीचं काळं पाणी. तुरुंगाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. खारघरच्या नव्या टॉवरांच्या पाठीमागे तो आहे, एवढंच.

२४१ दिवस आधी : ६ नोव्हेंबर

पार्किन्सनमुळे फादर स्टॅन यांचे हात थरथरत. पेला ओठांपर्यंत नेता नेता निम्मं पाणी अंगावर सांडायचं. त्यांनी न्यायालयाकडे अर्ज केला : स्ट्रॉ आणि सिपर मिळावा. एनआयएने उत्तराला २० दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला उत्तर आलं, की आरोपीचा स्ट्रॉ-सिपर आमच्याकडे नाही, आम्ही तो घेतलेलाच नव्हता. मग पुढची तारीख पडली, ४ डिसेंबर. दरम्यान देशभर बभ्रा झाला, लोकांनी सिपर पाठवण्याची मोहीम काढली, आणि तुरुंगाने तो दिला.

या प्रसंगावर तेव्हा व्यंगचित्रं निघाली, विनोद झाले. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. कॅथलिक धर्मगुरूच्या दिवसाचा कणा म्हणजे मिस्सा, आणि मिस्साच्या मध्यावर दोन्ही हातांनी प्याला वर उचलायचा असतो. ज्या हातांनी तो इतकी वर्षं उचलला, त्यांना आता पाण्याचा पेला पेलेना.

तळोज्यातला एक दिवस, तासातासाने

हा दिवस कुठल्याही तारखेचा समजा. तुरुंगातून मित्रांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच त्याचं वेळापत्रक दिलं होतं.

कोठडी साधारण १३ फूट बाय ८ फूट. आत छोटं न्हाणीघर आणि देशी पद्धतीचा संडास; कमोडची खुर्ची मिळाली हे नशीब. सोबत आणखी दोन कैदी.

सकाळी ६ वाजता कुलूप निघतं. दार उघडं असतं त्या वेळात वेगवेगळ्या कोठड्यांतली मंडळी एकमेकांना भेटू शकतात. न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला अरुण फरेरा हात देतात. आंघोळ घालायला वर्नन गोन्साल्विस येतात. दोघंही मुंबईचे, दोघंही याच प्रकरणातले आरोपी.

दुपारी १२ वाजता कुलूप लागतं, ३ वाजता निघतं. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा लागतं ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी ६पर्यंत. म्हणजे २४ तासांतले साडेपंधरा तास बंद दाराआड. फरेरा नाहीत, गोन्साल्विस नाहीत. त्या तासांत रात्रीचं जेवण भरवायचं, कपडे धुवायचे आणि दुखरे गुडघे चोळून द्यायचे काम कोठडीतले ते दोघे कैदी करत. दोघंही अगदी गरीब घरचे, असं फादर लिहितात, आणि त्यांची आठवण प्रार्थनेत ठेवा, असं मित्रांना सांगतात. या सगळ्यातही तळोज्यात माणुसकी उसळते आहे, अशा अर्थाचं एक वाक्य त्या पत्रात आहे.

सरकारी दप्तरात आरोपी क्रमांक अमुक असलेल्या माणसाचे गुडघे रात्री कुणीतरी चोळत होतं, याची नोंद कुठल्याही रोजनाम्यात नाही. ती केवळ त्या पत्रात आहे.

१०५ दिवस आधी : २२ मार्च २०२१

विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. समाजाचं सामूहिक हित आरोपीच्या व्यक्तिस्वातंत्र्याहून वरचढ आहे; वय आणि आजारपण त्याच्या बाजूने धरता येणार नाही, असा निकालाचा आशय. बरोबर एक महिना आधी, २२ फेब्रुवारीला, याच प्रकरणातले ज्येष्ठ कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला होता. तेही तळोज्याचेच कैदी. त्यामुळे आशेला जागा होती.

९२ दिवस आधी : रविवार, ४ एप्रिल, ईस्टर

जामीन नाकारल्यानंतरच्या रविवारी झावळ्यांचा सण, मग पवित्र आठवडा, २ एप्रिलला गुड फ्रायडे. २८ मार्चपासून राज्यात रात्रीची संचारबंदी होती. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये सगळे दिवे मालवतात, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि त्या एका ज्योतीवरून शेकडो मेणबत्त्या पेटत जातात. त्या वर्षी वसईपासून वांद्र्यापर्यंत मध्यरात्रीच्या विधीला वावच नव्हता. तळोज्यात तर साडेपाचनंतर कुलूप.

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्या घटनाक्रमाचा गाभा मला या तारखेत दिसतो. आपल्याकडे मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून एक विचार पडलेला असतो : आत्मा अमर, देह म्हणजे जुनं वस्त्र, आज ना उद्या टाकून द्यायचं. त्यामुळे ख्रिस्ती लोकांचं पुनरुत्थानही तसंच काहीतरी असणार, असं आपण गृहीत धरतो. ते तसं नाही. ख्रिस्ती मंडळी दर रविवारी जो विश्वास उच्चारतात, त्यात मृतांच्या उठण्याची ग्वाही आहे आणि ते उठणं देहासकट आहे. शुभवर्तमानातला उठलेला येशू शिष्यांपुढे येतो, भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खातो, थोमाला हातावरच्या जखमा दाखवतो. कबरीतून उठला तरी खिळ्यांचे वण गेले नाहीत. पौल करिंथकरांना बजावतो, की हे घडलं नसेल तर आपला सगळा विश्वास फुकट आहे. हा पौल स्वतःही तुरुंगांची हवा खाऊन आलेला.

जो देह उठणार आहे तो टाकाऊ कसा असेल? थरथरणारा हात, ऐकू न येणारा कान, न वाकणारा गुडघा यांची किंमत या श्रद्धेत कमी होत नाही, उलट वाढते. म्हणून सिपर मागणं आणि मृत्यूवर देवाची सत्ता मानणं यात मला कुठलाच विरोध दिसत नाही. मरणाला न भिणारा माणूस जगण्याचा अर्ज करू शकतो. श्रद्धावान कैद्याने हू की चू न करता मरावं, ही अपेक्षा तुरुंगाच्या सोयीची आहे. तिला धर्माचा आधार नाही.

४५ दिवस आधी : शुक्रवार, २१ मे

जामिनाच्या अपिलात उच्च न्यायालयापुढे फादर स्टॅन तळोज्याहून व्हिडिओवर हजर झाले. न्यायमूर्ती एस. जे. काथावाला आणि एस. पी. तावडे यांचं खंडपीठ. जे. जे. रुग्णालयाच्या तज्ज्ञांनी त्यांना तपासून दिलेला अहवाल समोर होता : दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं, हातापायांत जोर नाही, काठी किंवा चाकाची खुर्ची लागते, आधार लागतो. पडद्यावरही तेच दिसत होतं. न्यायमूर्तींचा प्रश्न त्यांच्यापर्यंत नीट पोचत नव्हता.

पण जेव्हा बोलले तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आठ महिन्यांपूर्वी इथे आलो तेव्हा माझं शरीर चालत होतं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा मी स्वतः जेवत होतो, थोडंफार लिहीत होतो, चालत होतो, अंघोळ करत होतो. एकेक करून सगळं गेलं. आता जेवणही कुणीतरी भरवावं लागतं. न्यायालयाने विचारलं, जे. जे.मध्ये दाखल व्हाल का? नको, म्हणाले, तिथे मी जाऊन आलो आहे, तिथली व्यवस्था मला माहीत आहे. त्यापेक्षा इथेच मरेन. मागणं एकच, अंतरिम जामीन. कारण? आपल्या माणसांत राहायचं आहे.

हे मरणाला कवटाळणं आहे, असं त्या वेळी काहींना वाटलं. मी तो जबाब अनेकदा वाचला आहे आणि मला तसं वाटत नाही. दोनच पर्याय पुढे ठेवलेल्या माणसाने तिसरा मागितला, तो नाकारला तर परिणाम काय होईल तेही स्वतःच्या तोंडाने सांगितलं. रांचीला जाऊन मरणं आणि तळोज्यात मरणं यांतला फरक त्याला कळत होता.

त्यांच्या वकिलांचा आणखी एक मुद्दा होता. कोविडच्या ऐन दुसऱ्या लाटेत हजारो कैदी असलेल्या या तुरुंगात डॉक्टर म्हणून होते ते तीन आयुर्वेदिक पदवीधर. एनआयए जामिनाला विरोध करत राहिली.

३८ दिवस आधी : शुक्रवार, २८ मे

ज्येष्ठ वकील मिहीर देसाई यांनी मधल्या काळात फादरांशी बोलून त्यांना निदान खाजगी हॉस्पिटलसाठी राजी केलं. उच्च न्यायालयाने होली फॅमिलीत १५ दिवस ठेवण्याची परवानगी दिली, खर्च त्यांच्या बाजूने करायचा. त्याच रात्री तळोज्याहून वांद्र्याला हलवलं. सुमारे ४० किलोमीटर. सायन-पनवेल महामार्गावर वाहतूक नसेल तर तासाभराचा रस्ता. त्याला लागले होते साडेसात महिने.

दोनच दिवसांत चाचणी आली : कोविड. मग अतिदक्षता विभाग. न्यायालयाने मुक्काम आधी १८ जूनपर्यंत वाढवला, मग ५ जुलैपर्यंत. जामिनाचा मूळ प्रश्न प्रत्येक वेळी पुढच्या तारखेवर.

साधारण ४८ तास आधी : शनिवार, ३ जुलै

आदल्याच दिवशी नवी याचिका दाखल झाली होती. बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्यातलं, म्हणजे यूएपीएमधलं कलम ४३ड(५) घटनेच्या कसोटीवर तपासा, अशी तीत मागणी. या कलमाचा साधा अर्थ असा, की पोलिसांचे कागद वाचून आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर न्यायाधीशाने जामीन द्यायचा नाही. ते कागद खरे की बनावट, ही तपासणी खटल्यात. आणि खटला केव्हा, ते कुणी सांगायचं?

शनिवारी देसाईंनी न्यायालयाला सांगितलं, की फादर अजून अतिदक्षता विभागातच आहेत, प्रकृती गंभीर आहे. न्यायमूर्ती एस. एस. शिंदे आणि एन. जे. जमादार यांनी मुक्काम मंगळवार, ६ जुलैपर्यंत वाढवला. पुढची सुनावणी मंगळवारी.

३३ तास आधी : रविवार, ४ जुलै, पहाटे साडेचार

हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, व्हेंटिलेटर लावला. शुद्ध आली नाही.

त्याच रविवारी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली : फादर स्टॅन स्वामी यांना आवश्यक ते सगळे उपचार मिळतील असं बघा.

योहानाच्या शुभवर्तमानात लाजराची गोष्ट आहे. मित्र आजारी आहे असा निरोप येतो, येशू आहे तिथेच आणखी दोन दिवस थांबतो. बेथानीला पोचतो तोवर लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था सामोरी येते आणि पहिली तक्रार करते ती उशिराची : तुम्ही इथे असता तर माझा भाऊ गेला नसता. हीच मार्था पुढच्या श्वासात, तो शेवटच्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे, असंही म्हणते. श्रद्धा पक्की, आणि तक्रारही पक्की. येशू तिला गप्प करत नाही. तो रडतो.

पुढे काय होतं ते बहुतेकांना ठाऊक असतं, पण एक तपशील निसटतो. लाजराला हाक येशू मारतो. मात्र कबरीच्या तोंडावरची धोंड सरकवायला तो जमलेल्या लोकांना सांगतो. लाजर बाहेर येतो तेव्हा त्याचे हातपाय पट्ट्यांनी बांधलेले असतात, आणि त्या सोडायचं कामही तो लोकांनाच सांगतो. मेलेल्याला उठवणाऱ्याला धोंड जड झाली असती असं नाही. ती कामं माणसांच्या वाट्याची होती.

सोमवार, ५ जुलै, सकाळ

देसाईंनी तातडीचं म्हणून न्यायालयाकडे धाव घेतली. मंगळवारपर्यंत थांबता येणार नाही. वेळ मिळाली, दुपारी अडीचची.

दुपारी १.२४

मृत्यू. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार फुफ्फुसांतला संसर्ग आणि कोविडनंतरची गुंतागुंत.

६६ मिनिटांनंतर : दुपारी २.३०

सुनावणी सुरू झाली. देसाईंनी विनंती केली, की माझ्याआधी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना काही सांगायचं आहे. वैद्यकीय संचालक डॉ. इयन डिसूझा यांनी रविवार पहाटेच्या झटक्यापासून १.२४पर्यंतची हकिगत सांगितली. न्यायमूर्तींनी धक्का बसल्याचं बोलून दाखवलं, शब्द नाहीत म्हणाले, शोक व्यक्त केला. देसाईंनी सांगितलं, की न्यायालयाबद्दल किंवा या हॉस्पिटलबद्दल माझी तक्रार नाही. एनआयए आणि तुरुंग प्रशासनाबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही. ज्या यंत्रणेने एका दिवसाचीही कोठडी मागितली नाही, तिनेच नऊ महिने जामिनाला विरोध केला, हे त्यांनी नोंदवलं. कोठडीतला मृत्यू म्हणून न्यायालयीन चौकशी मागितली.

मग प्रश्न उरला पार्थिवाचा. संन्यस्त माणसाला वारस कोण? सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे माजी प्राचार्य आणि वांद्र्याच्या सेंट पीटर चर्चचे धर्मगुरू फादर फ्रेझर मस्करेन्हस यांच्या ताब्यात ते द्यावं, अंत्यविधी मुंबईत व्हावा, असं ठरलं. अडीच वाजता ज्याच्या जामिनाची सुनावणी होती, त्याचा ताबा अखेर असा मिळाला.

सुमारे २६ तासांनंतर : मंगळवार, ६ जुलै, दुपारी ४

सेंट पीटर चर्च. कोविडच्या नियमांमुळे आत मोजकीच माणसं; बाकीच्यांनी देशभरातून मिस्सा पडद्यावर पाहिला. हे चर्च ज्याच्या नावाचं आहे तो पेत्र म्हणजे बायबलातला सगळ्यांत नावाजलेला सुटका झालेला कैदी. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये हेरोद राजा त्याला दोन शिपायांच्या मधोमध साखळ्यांत बांधून ठेवतो. रात्री देवदूत येतो, साखळ्या गळतात, लोखंडी फाटक आपोआप उघडतं, पेत्र रस्त्यावर येतो. प्रवचनांतून ही गोष्ट हटकून येते. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला मात्र त्याच हेरोदाने येशूच्या दुसऱ्या एका शिष्याला, याकोबाला, तलवारीने मारलेलं असतं. तोच देव, तीच मंडळी. एकासाठी फाटक उघडतं, दुसऱ्यासाठी नाही. का, ते लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. देवाची मृत्यूवर सत्ता आहे असं मानणाऱ्यांना हा अध्याय अख्खा वाचावा लागतो.

नंतर दहन झालं आणि अस्थी झारखंडला गेल्या. एके काळी कॅथलिकांना दहन वर्ज्य होतं. देह जाळणं म्हणजे पुनरुत्थान नाकारणं, असं समजलं जाई. पुनरुत्थानावरचा विश्वास न सोडता दहन चालेल, अशी मुभा रोमने ज्या निर्देशाने दिली त्याची तारीख ५ जुलै १९६३. हा निव्वळ योगायोग, पण नोंदवून ठेवतो. बगईचात फादर स्टॅन परत पोचले ते असे.

त्यानंतर

७ जुलैला तळोज्यात त्यांच्या दहा सहआरोपींनी दिवसभर उपवास केला.

१९ जुलैला प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात निघालं तेव्हा न्यायमूर्ती शिंदे यांनी सांगितलं, की एरवी वेळ मिळत नाही, पण आपण तो अंत्यविधी पाहिला आणि तो फार भावला. खटल्यातली कायदेशीर बाजू अलग ठेवून या माणसाच्या कार्याबद्दल आपल्याला आदर आहे. एनआयएने हरकत घेतली. २३ जुलैला न्यायमूर्तींनी ते शब्द मागे घेतले.

डिसेंबर २०२२मध्ये ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या अमेरिकी फॉरेन्सिक संस्थेचा अहवाल बाहेर आला. फादर स्टॅन यांच्या संगणकात २०१४पासून घुसखोरी झाली होती आणि त्यांच्याविरुद्ध वापरलेली कागदपत्रं बाहेरून पेरलेली होती, असा त्याचा निष्कर्ष आहे. एनआयएला असे निष्कर्ष मान्य नाहीत. दोन्ही बाजू घासून पाहायची जागा म्हणजे खटला, आणि तो त्यांच्या हयातीत उभाच राहिला नाही.

२८ जुलै २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना घास भरवणाऱ्या अरुण फरेरा यांना आणि अंघोळ घालणाऱ्या वर्नन गोन्साल्विस यांना जामीन दिला. तोवर दोघांनी जवळपास पाच वर्षं गजांआड काढली होती. रात्री गुडघे चोळणाऱ्या त्या दोन गरीब कैद्यांचं काय झालं, हे विचारायला कुठलं न्यायालय बसलं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार फादर स्टॅन गेले त्या वर्षाच्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,५४,०३४ माणसं होती. त्यांतले ४,२७,१६५ कच्चे कैदी होते, म्हणजे शेकडा ७७.